कुंडलच्या बागायतदाराचा तुर्की उपास

नव्वदच्या दशकात सांगली-सातारा भागातल्या द्राक्ष बागायतदारांचे परदेशी अभ्यासदौरे निघू लागले होते. त्यातल्या एका दौऱ्यात, ऑगस्ट महिन्यात, मी तुर्कस्तानला गेलो. तेव्हा मी सांगलीतल्या एका दैनिकात काम करत होतो. दौऱ्यात आठ बागायतदार होते आणि नववा मी. मला बरोबर घेण्याची दोन कारणं सांगितली गेली. दौऱ्याची बातमी यावी हे एक आणि इंग्रजी बोलणारं कुणीतरी असावं हे दुसरं. दुसरं कारण अधिक खरं होतं.

पाहायचा होता बेदाणा. दोन्हीकडे द्राक्षं आधी पोटॅश आणि तेलाच्या पाण्यात बुडवतात. आपल्याकडे ती मग शेडमध्ये, जाळीच्या कप्प्यांवर, सावलीत वाळवतात. तिकडे ती उघड्यावर, उन्हात पसरतात आणि तरी बेदाण्याचा रंग मधासारखा राहतो. आमच्यातल्या कुंडलच्या बागायतदारांना त्या रंगाचं कारण हवं होतं. बाकीच्यांनाही हवंच होतं, पण यांची निकड वेगळी होती.

ते चाळिशीचे होते. थोरल्या भावाबरोबर त्यांची शेती एकत्र होती आणि तीत दोन एकर थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग होती. आदल्या हंगामात त्यांनी प्रथमच सगळ्या मालाचा बेदाणा केला आणि त्यातला निम्मा काळा पडला. सांगलीच्या सौद्यात व्यापाऱ्यानं मूठभर बेदाणा उचलला, बघितला आणि काही न बोलता परत ढिगात टाकला. थोरला भाऊ शेजारीच उभा होता. घरी आल्यावर त्यानं बाग काढून ऊस लावायचा म्हणून सांगितलं. धाकट्यानं एक हंगाम मागून घेतला. मुंबईच्या विमानतळावर बसल्या बसल्या त्यांनी मला हे सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आता रंग धरला तर बाग ऱ्हाईल. न्हाईतर आण्णा कुऱ्हाड घालणार. आन त्याचं काय चुकलं?"

खाण्याची चिंता मात्र त्यांना नव्हती. त्यांच्या सामानात दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती आणि भडंगाची एवढी मोठी पिशवी होती की तपासणीच्या टेबलावरच्या अधिकाऱ्यानं ती दोनदा उघडून हुंगली. शेजारी रहिमतपूरकडचे एक निवृत्त सुभेदार होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी एकरभर द्राक्षं लावली होती. त्यांच्या सामानात खाण्याचं काहीच नव्हतं.

"आवं सुभेदार, परदेशात खाणार काय तुमी?" कुंडलकरांनी विचारलं.

"समोर येईल ते. फौजेत काय खाल्लं ते सांगितलं तर भडंग टाकून पळशिला."

इझमीरला पहिल्या सकाळी नाश्त्याला काकडी, टोमॅटो, पाव, पांढरं खारट चीज आणि एका वाटीत काळी गोल फळं होती. आमच्या आठही बागायतदारांनी ती लहान द्राक्षं समजून तोंडात टाकली. ती खारवलेली ऑलिव्ह होती. सात जणांनी एकाच वेळी तोंड वाकडं केलं. थुंकावं कुठं ते कुणालाच कळेना. सुभेदारांनी मात्र बी बाजूला काढून ठेवलं आणि दुसरं उचललं. दुपारी आयरान नावाचं पेय आलं. कुंडलकरांनी पेला नाकाजवळ नेला, घोटभर घेतला आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "ताक हाय गड्या! मीठ घातल्यालं ताक!" त्यानंतर जिथे जाऊ तिथे ते ताकच मागायचे. दशम्या तिसऱ्या दिवशी संपल्या. मग भडंग, पाव आणि ताक यांवर ते राहिले.

पाचव्या दिवशी आमचे तीन गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकेका शेतकऱ्याकडे पाठवलं. कुंडलकर, सुभेदार आणि मी इझमीरपासून दीड तासावरच्या एका गावात गेलो. यजमान पन्नाशीचा, उंच, सतत सिगारेट ओढणारा होता. घरात त्याची म्हातारी आई होती. त्याची बहीण जवळच्या शहरात शाळेत इंग्रजी शिकवायची. ती दुभाषी म्हणून मुद्दाम रजा घेऊन आली होती. कुंडलकर मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत सांगायचो, बाई तुर्कीत सांगायच्या. उत्तर त्याच वाटेनं परत यायचं.

कुंडलकरांनी ओसरीवर पाय ठेवताच विचारलं, "द्राक्षं बुडवायचं पाणी कसं करता?"

यजमान हसला. आधी जेवण, मग पाणी, असं उत्तर आलं. जेवणानंतर पंधरा मिनिटांत सगळं दाखवतो, मग आपण झोपू, असंही त्यानं सांगितलं.

आमची मंडळी श्रावण पाळतात आणि मांस खात नाहीत, हे आदल्या दिवशी कळवलं होतं. म्हणून म्हातारीनं सकाळपासून बसून बिनमांसाचा पदार्थ केला होता. तिनं परातभर हिरव्या, बोटाएवढ्या गुंडाळ्या आणून मध्ये ठेवल्या आणि पहिली कुंडलकरांच्या ताटलीत वाढली. कुंडलकरांनी ती अंगठ्यानं उलगडली. आत भात होता. त्यांनी भात बाजूला सारला, पान सपाट केलं आणि त्याच्या शिरा पाहिल्या.

"थॉमसन," ते म्हणाले.

खरंच ते द्राक्षाचंच पान होतं. तिकडे त्या वाणाला वेगळं नाव आहे, झाड तेच.

मग ते माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, "ह्या पानावर आमी बोर्डो मारतो. मोरचूद, चुना, आनि वर काय काय. गेल्या साली बांधावर टाकलेला पाला खाऊन माझी गाभण म्हैस गेली. हे मी तोंडात घालणार न्हाई."

"मग काय सांगू त्यांना?"

"उपास हाय म्हणून सांगा."

आमच्याकडे कुणाच्या घरी वाढलेलं ताट नाकारायचं म्हणजे सोपं काम नाही. भूक नाही हे कारण कुणी मानत नाही. पोट बिघडलंय म्हटलं तर ताकभात येतो. वाढलेल्यात खोट काढणं म्हणजे घरात खोट काढणं. वैर असलं तर माणूस पाणीसुद्धा घेत नाही, आणि त्याचा अर्थ अख्ख्या गावाला कळतो. या सगळ्यांतून सुटायला एकच बिनबोभाट वाट आहे, ती उपासाची. उपास म्हटलं की आग्रह थांबतो. ताट मागे जातं, केळं, भाजलेले शेंगदाणे आणि चहा पुढे येतो. यजमानाचा मान राहतो आणि पाहुण्याचं पोटही भरतं. खोटा उपास प्रत्येकानं कधी ना कधी केलेला असतो आणि प्रत्येक घराला तो ओळखता येतो. तरी कुणी बोलून दाखवत नाही.

वार गुरुवार होता. महिनाही श्रावणाचा, तेव्हा उपास अगदीच अशक्य नव्हता. सांगितलं तेवढंच पुढे द्यावं या सवयीनं मी बाईंना सांगितलं की आज यांचा उपवास आहे. बाईंनी ते भावाला सांगितलं.

म्हातारीनं उजवा हात छातीवर ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. मग तिनं कुंडलकरांची ताटली उचलली. ताटलीपाठोपाठ द्राक्षांची टोपली गेली, नुकताच ओतलेला चहाचा पेला गेला आणि शेवटी पाण्याचा तांब्याही गेला.

"पाणी बी नेलं की रं," सुभेदार म्हणाले.

यजमानानं ओठातली न पेटवलेली सिगारेट काढून परत पाकिटात घातली, पाकीट फळीवर ठेवलं आणि आपली ताटलीही आईकडे दिली.

मी बाईंना विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्याकडे उपवास म्हणजे सूर्य मावळेपर्यंत काही नाही. पाणी नाही, धूरही नाही. घरात पाहुणा उपाशी असताना घरधनी कसा जेवणार, असं भाऊ म्हणतोय. मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "तो फक्त रमजानात रोजे धरतो. एरवी तासाभरात त्याला सिगारेट लागते. आज त्याचं मला नवल वाटतंय."

मी हे कुंडलकरांना सांगितलं. घड्याळात एक वाजला होता. त्या दिवसांत तिकडे सूर्य आठच्या सुमारास मावळतो.

"म्हंजे पाणी बी न्हाई?"

"नाही."

"चूळ भरलेली चालती का इचारा."

मी विचारलं. चालते, पण घोट गिळायचा नाही, असं उत्तर आलं.

सुभेदारांनी तोवर जेवायला सुरुवात केली होती. "मी खातो बाबा. तिघं बी उपाशी म्हटल्यावर म्हातारी रडंल." पहिली गुंडाळी त्यांनी अख्खी तोंडात टाकली. "अळूवडी हाय गड्या. फकस्त आंबट."

"खावा, खावा," कुंडलकर म्हणाले. "सांजच्यापतूर जगला तर सांगा."

"आन तुझा उपास कवापासनं रं?"

"आत्तापासनं."

मीही खाल्ली. गुंडाळ्या थंड होत्या. आतल्या भातात कांदा, पुदिना आणि भरपूर तेल होतं, वरून लिंबू पिळलेलं होतं. पान मऊ होतं, पण दाताखाली जरासं अडायचं. दोन-तीन खाल्ल्यावर मी सुभेदारांशी सहमत झालो. अळूवडीची चव त्यात नव्हती, पण करणारीचे कष्ट तेच होते. कुंडलकर समोर बसून आमचं जेवण बघत होते. यजमान त्यांच्या शेजारी, हात मांडीवर ठेवून, तेच करत होता.

जेवणं झाल्यावर सुभेदार दिवाणावर आडवे झाले. रोज या वेळी यजमानही झोपायचा. पण उपाशी पोटी, सिगारेटशिवाय त्याला झोप येईना. चला, कामाला लागू, उपाशी माणसाला काम बरं, असं तो म्हणाला. म्हणून मग पंधरा मिनिटांत आटोपणार होतं ते काम आम्ही चार तास पाहिलं.

बागेच्या कडेला पत्र्याचा लांबट हौद होता. यजमानानं पोटॅश पाण्यात विरघळवलं, वर ऑलिव्हचं तेल ओतलं आणि पाणी दुधासारखं पांढरं होईपर्यंत फळीनं ढवळलं. मग त्यात हात बुडवून बोटं एकमेकांवर घासली आणि कुंडलकरांना तसंच करायला लावलं. साबणासारखा निसरडेपणा लागला पाहिजे. हे सगळं कुंडलकरांना येत होतं. त्यांचं प्रमाणही जवळपास तेच होतं. मी वहीवरून दोन्ही आकडे वाचून दाखवले, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. यासाठी एवढ्या लांब यायला नको होतं, असं त्यांना वाटलं असावं.

मजूर द्राक्षांच्या जाळीदार टोपल्या हौदात बुडवून काढत होते आणि घड जमिनीवर पसरत होते. ऊन कडक होतं. यजमान वारंवार ओठांवरून जीभ फिरवत होता. काही टोपल्या झाल्यावर त्यानं पुन्हा हौदात हात घातला, बोटं घासली, मान हलवली आणि हौद कलंडवून सगळं पाणी चरात सोडून दिलं.

"आवं!" कुंडलकर पुढे धावले. "टाकलं कशापायी? चांगलं हाय की अजून!"

प्रश्न दोन भाषांतून गेला आणि उत्तर आलं. दिसतं चांगलं, पण त्यातला दम द्राक्षांनी पिऊन टाकलेला असतो. आता घड बुडवले तर ते नुसते ओले होतात. सालीवरचा मेणचट थर सुटत नाही, पाणी आत राहतं आणि बेदाणा काळा पडतो.

कुंडलकर चराकडे बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "आमी सकाळी एकदा पाणी करतो. ते सांजपतूर. कमी पडलं तर वर साधं पाणी वततो." थोड्या वेळानं त्यांना आणखी आठवलं. "काळा पडला तो समदा वरच्या कप्प्यातला. आमी खालनं भरत जातो. वरचे कप्पे दुपारनंतर भरतात. मला वाटलं, शेडचा पत्रा तापतोय म्हणून."

वही त्यांनी माझ्याकडून घेतली आणि स्वतः लिहिलं. एका हौदात किती टोपल्या, हे त्यांनी पुढे तीन वेळा हौद ओतला जाईपर्यंत मोजलं. प्रत्येक वेळी ओतण्याआधी ते स्वतः हात घालून बोटं घासत होते. तिसऱ्या वेळी यजमानाच्या आधी त्यांनीच मान हलवली. यजमानानं त्यांच्या पाठीवर थाप मारली.

पाचच्या सुमारास दोघेही एका झाडाच्या सावलीत बसले. दोघांच्याही ओठांना कोरड पडली होती. यजमानाचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. कुंडलकरांनी ते पाहिलं.

"ह्यो माणूस माझ्या खोट्यापायी उपाशी हाय," ते मला म्हणाले.

"सांगून टाकू का?"

"आत्ता सांगितलं तर त्याचा दिवस फुकट जाईल. आन मला खोटारडा म्हणंल ते येगळंच." त्यांनी डोळ्यांवर हात धरून सूर्य किती वर आहे ते पाहिलं. "अजून तीन तास. होतील. पन आता ह्यो उपास खराच हाय, न्हवं?"



सूर्य मावळला तेव्हा शेजारपाजारची चार-पाच माणसंही ओसरीवर आली होती. परदेशी पाहुण्यानं उपास धरलाय ही बातमी गावात फिरली होती. म्हातारीनं पाण्याचा पहिला पेला कुंडलकरांना दिला, दुसरा मुलाला. दोघे एकदमच प्यायले. मग मसुराचं गरम सूप आलं आणि त्यानंतर दुपारचीच परात. दिवसभर झाकून ठेवलेली होती.

कुंडलकरांनी गुंडाळी हातात घेतली आणि मला म्हणाले, "इचारा, फवारा कधी मारलाय."

बाईंनी विचारलं तशी म्हातारी उठली आणि घरातून काचेची मोठी बरणी घेऊन आली. मिठाच्या पाण्यात पानांच्या चवडी दाबून बसवलेल्या होत्या. ही पानं फवारणी सुरू होण्याआधी, वसंतात, कोवळी असताना तोडतात, असं तिनं सांगितलं. तीही बागेतली नाहीत. विहिरीजवळचे दोन वेल खास पानांसाठी राखलेत, त्यांना कसलाच फवारा नाही. कुंडलकरांनी बरणी हातात फिरवून पाहिली, परत दिली आणि गुंडाळी तोंडात टाकली. चावायला त्यांनी बराच वेळ घेतला.

"कशी हाय?" सुभेदारांनी विचारलं.

"भूक लागल्यावर समदं चांगलंच लागतं," ते म्हणाले आणि दुसरी घेतली. त्यांनी किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही. म्हातारी मात्र मोजत होती आणि प्रत्येकीबरोबर मान हलवत होती.

जेवण झाल्यावर यजमान अंगणात सिगारेट ओढायला गेला. कुंडलकर मला म्हणाले, "आता बाईंना सांगा. माझा उपास नव्हता. पानाला भ्यालो. त्यांच्या भावाला सांगा म्हणावं, माझं चुकलं."

मी बाईंना सांगितलं. त्यांनी अंगणाकडे पाहिलं, मग आईकडे. म्हातारी बरणीचं झाकण लावत होती. "आज नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर सांगेन." त्यांनी नंतर सांगितलं की नाही, हे मला माहीत नाही.

दौऱ्याची माझी बातमी दैनिकात आली. तिच्यात पोटॅश होतं, तेल होतं, जमिनीवर वाळवण्याची पद्धत होती. उपास नव्हता.

मार्चमध्ये कुंडलकरांचा निरोप आला आणि मी कुंडलला गेलो. त्यांनी पहिली तोड पंधरवड्यापूर्वी शेडमध्ये घातली होती आणि तो बेदाणा त्या दिवशी उतरवायचा होता. थोरला भाऊ शेडच्या दारात बाजेवर बसला होता. साठीच्या पुढचा, बारीक अंगाचा माणूस. मला बघून त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "तुमीच गेलता व्हय तिकडं ह्याच्यासंगं? लय पाणी मातीत वतायला शिकून आलाय. दिसातनं चार-चार येळा हौद रिकामा करतोय. मी म्हटलं, आरं पोटॅश काय झाडाला लागतंय का? तर म्हणतो, आण्णा, एवढा एक डाव ऐका."

धाकट्यानं खालच्या कप्प्यातला बेदाणा पाटीत काढून आणला. थोरल्यानं पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खालचा गेल्या साली बी चांगला हुता. वरचा काढ."

धाकटा शिडीवर चढला. सगळ्यात वरच्या कप्प्यातून त्यानं दोन ओंजळी काढल्या आणि खाली उतरून भावापुढे धरल्या. थोरला उठून उन्हात गेला. तळहातावर बेदाणा पसरून त्यानं एका बोटानं मणी वेगळे केले. रंग तुर्की मालासारखा नव्हता. सावलीत वाळल्यामुळे हिरवट पिवळा होता, पण सगळा एकसारखा. काळे दोन मणी होते. त्यानं ते वेचून काढले, एका बोटानं दाबून पाहिले आणि फेकून दिले. मग एक चांगला मणी खाल्ला, मग दुसरा.

द्राक्षाच्या बागेची एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. पुढच्या वर्षी राखायच्या बागेचीच ती करतात, काढायच्या बागेवर कुणी कात्री चालवत नाही.

थोरल्यानं हात झटकला. "छाटणीच्या टोळीला सांगितलंस का?" त्यानं विचारलं.

"अजून न्हाई."

"मग कवा सांगणार? एप्रिलात माणसं घावत्यात व्हय?"

धाकटा पाटी तिथंच ठेवून सायकल काढायला गेला.